मोडलेला हात, गॅरेजमधली सायकल आणि पॅरिस–रूबे

ट्रेनर (घरात सायकल उभी करून पॅडल मारायचं यंत्र) बरा की रस्ता, हा वाद सायकलवाल्यांच्या गटात दर पावसाळ्यात निघतो. एक जण म्हणतो, घरात तासभर पॅडल मारलं की बाहेरच्या दीड तासाचं काम होतं. दुसरा म्हणतो, भिंतीकडे बघत सायकल हाणायची तर सायकल घेतलीच कशाला? दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून वाद मिटत नाही. त्यापेक्षा एकच प्रकरण घ्यावं आणि ते नीट सोलून बघावं. ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू हेमनचं २०१६ मधलं प्रकरण त्यासाठी मला सगळ्यांत कामाचं वाटतं. हात मोडल्यामुळे त्याला ऐन हंगामात रस्ता बंद झाला, पाय मात्र चालू राहिले, आणि घरातल्या सायकलीने काय दिलं, काय नाही दिलं, हे पुढे एका शर्यतीत सगळ्या जगासमोर दिसलं.

अपघात

२७ फेब्रुवारी २०१६ ला बेल्जियममध्ये ओमलूप हेट न्यूजब्लाड झाली. तिकडचा दगडी रस्त्यांच्या शर्यतींचा हंगाम हिच्यापासून सुरू होतो. हेमन ओरिका–ग्रीनएज संघाकडून उतरला होता. तो पडला आणि कोपराजवळ रेडियस हे हाड मोडलं.

हेमन म्हणजे काही मोठा तारा नव्हे. सायकलिंगच्या संघात एक-दोघे जिंकण्यासाठी असतात. बाकीचे त्यांच्यासाठी वारा अडवतात, बाटल्या आणतात, निसटलेल्यांचा पाठलाग करतात. हेमन या बाकीच्यांतला, आणि त्या कामात मुरलेला. नावावर मोजकेच विजय: २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत रोड रेसचं सुवर्ण, २०११ मध्ये पॅरिस–बूर्ज. जीव मात्र एकाच शर्यतीवर, फ्रान्समधल्या पॅरिस–रूबेवर (पुढे नुसतं रूबे). २००० साली तो तिथे पहिल्यांदा उतरला, २०१२ मध्ये आठवा आला. २०१६ ची त्याची पंधरावी खेप होती. वय ३७, अडतिसावा वाढदिवस शर्यतीनंतर दहा दिवसांनी. या वयात एक हंगाम हुकला तर पुढचा मिळेलच असं कुणी सांगत नाही.

अपघात ते १० एप्रिलची रूबे, हातात ४३ दिवस. हाड नीट धरायलाच साधारण सहा आठवडे जातात. म्हणजे हिशेब तिथल्या तिथे संपत होता.

रूबे काय मागते

ही शर्यत १८९६ पासून चालू आहे. नावात पॅरिस असलं तरी हल्ली ती सुटते कॉम्पियेनहून आणि संपते रूबे गावाच्या व्हेलोड्रोमवर, म्हणजे सायकलींच्या गोल धावपट्टीवर. २०१६ मध्ये अंतर होतं २५७.५ किलोमीटर. त्यात दगडी रस्त्याचे २७ तुकडे, सगळे मिळून ५२.८ किलोमीटर.

हे दगड वाड्याच्या चौकातल्या फरसबंदीसारखे नाहीत. शेतांमधून जाणारे हे जुने गाडीरस्ते. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजू खचलेल्या, मधला भाग उंच, दगडांच्या कडा झिजलेल्या, फटींत माती. पाऊस असेल तर चिखल, नसेल तर धुरळा. त्यावरून पन्नासच्या आसपास वेगाने जाताना हँडल घट्ट धरलं तर हात बधिर होतात, सैल सोडलं तर सायकल स्वतःची वाट धरते. जमलेले लोक मोठा गिअर टाकतात, हात जेमतेम टेकवतात, नजर दहा-पंधरा मीटर पुढे ठेवतात आणि चाकाला थोडं इकडेतिकडे नाचू देतात. विजेत्याला बक्षीसही असाच एक दगड मिळतो.

यातलं काय गॅरेजमध्ये शिकता येतं? काहीही नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

गॅरेजमध्ये काय चाललं

हेमनने सायकल ट्रेनरवर चढवली आणि समोर झ्विफ्ट लावलं. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: ट्रेनरवर सायकल उभीच राहते, पॅडलवर तुम्ही किती वॉट लावता ते यंत्र मोजतं, आणि त्या हिशेबाने पडद्यावरचा तुमचा सायकलस्वार पुढे सरकतो. पडद्यावर चढ आला की पायाखालचा भार वाढतो. जगात कुठे तरी आपापल्या घरात बसलेले इतर लोक त्याच रस्त्यावर दिसतात आणि ओव्हरटेक करून जातात. हे ॲप पैसे देऊन वापरायचं होऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. व्यावसायिकांच्या लेखी ट्रेनर ही टाइम ट्रायलच्या (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या शर्यतीच्या) आधी अंग गरम करण्याची वस्तू, नाही तर बर्फ पडल्यावरची शिक्षा. अख्खा मार्च महिना त्यावर काढायचा, हे कुणाच्या वेळापत्रकात नव्हतं.

कोपराजवळच्या फ्रॅक्चरला मात्र ट्रेनर अगदी सोयीचा. रस्त्यावर हाताला तीन कामं असतात: वजन पेलणं, ब्रेक दाबणं, तोल सावरणं. ट्रेनरवर ब्रेक नाही, तोल नाही, आणि वजन सीटवर घेऊन ताठ बसलं तर तेही हातावर येत नाही. त्यात पुन्हा पडण्याची भीती नाही. हाड धरत आलेलं असताना दुसऱ्यांदा पडणं, याला डॉक्टर सर्वांत जास्त घाबरतात.

आता पायांचं आणि हृदयाचं. तयारीतल्या माणसाने सायकल पूर्ण सोडली की घसरण लगेच सुरू होते. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, काही दिवसांतच आटू लागतो. त्यामुळे हृदय एका ठोक्यात कमी रक्त फेकतं आणि त्याच वेगाला नाडी वाढते. दोन-तीन आठवड्यांत शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता काही टक्क्यांनी उतरलेली असते. ज्या शर्यतीत पहिला आणि विसावा यांच्यात तेवढाच फरक असतो, तिथे हे टक्के म्हणजे सगळं काही. ट्रेनरने ही घसरण थांबवली. पायाच्या स्नायूंना रस्ता दिसत नाही. त्यांना भार आणि वेळ कळतो. २० मिनिटं ठरावीक वॉटवर ठेवायची असतील तर घरात ते जास्त काटेकोर होतं. रस्त्यावर मध्येच उतार येतो, वळण येतं, सिग्नल येतो, पाय थांबतात. ट्रेनरवर पाय थांबवायला निमित्तच नसतं. सुरुवातीला उल्लेख केलेला ‘तासात दीड तासाचं काम’वाला यावरच बोट ठेवत असतो. दीडपटीचा आकडा त्याचा स्वतःचा, पण दिशा चुकीची नाही.

उष्णतेचा हिशेब

इथे जरा थांबायला हवं, कारण घर आणि रस्ता यांच्यातला सगळ्यांत मोठा शारीरिक फरक बहुतेकांच्या बोलण्यात येतच नाही.

माणसाचं शरीर खर्च केलेल्या ऊर्जेतली फक्त २० ते २५ टक्के पॅडलपर्यंत पोचवतं. बाकीची उष्णता. पॅडलवर २५० वॉट लावणारा माणूस अंगातून साडेसातशे ते हजार वॉट उष्णता बाहेर टाकत असतो. खोलीत एक लहान हीटर लावून त्याच्याच शेजारी बसावं, तसा हा प्रकार. रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जाताना समोरून सेकंदाला आठ मीटरचा वारा फुकट मिळतो. घरात वाऱ्याचा वेग शून्य.

घामाचंही गणित आहे. एक लिटर घाम तासाभरात अंगावरच वाळला तर साधारण ६७० वॉट उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून खाली ठिबकला तर काहीच नेत नाही, फक्त चटई भिजते आणि हँडल फिरतं त्या हेडसेटच्या बेअरिंगला गंज चढतो. म्हणून ‘काय घाम काढला आज’ हे घरातल्या व्यायामाचं प्रमाणपत्र समजू नये. वाळला नाही म्हणून तो दिसला, इतकाच त्याचा अर्थ.

परिणाम असा की त्याच वॉटला घरात नाडी वर सरकत राहते. अर्ध्या तासानंतर पायांत जोर असूनही नको वाटतं. पुष्कळ जण यालाच ‘ट्रेनर जड जातो’ म्हणतात आणि यंत्राला दोष देतात. मोठा फॅन समोरून, छातीच्या उंचीला लावला की त्यातलं बरंच तिथेच मिटतं. छताचा पंखा यात फारसा उपयोगाचा नाही. तो डोक्यावर गरम हवा ढवळतो.

उलट बाजूही आहे. शरीराला बेताबेताने उष्णतेत राबवलं तर आठ-दहा दिवसांत ते जुळवून घेतं: प्लाझ्मा वाढतो, घाम लवकर सुटतो. आता व्यावसायिक संघ मुद्दाम जास्त कपडे घालून बंद खोलीत ट्रेनरवर बसवतात ते यासाठी. हेमनच्या बाबतीत असं काही ठरवून झालं, असं मी म्हणणार नाही. बेल्जियममधला मार्च तसाही थंडच.

१० एप्रिल

रूबेच्या आदल्या शनिवार-रविवारी तो स्पेनमध्ये दोन शर्यती धावला. रूबेआधीची रस्त्यावरची शर्यतीची तयारी एवढीच. तोवर बाकीचे मिलान–सान रेमोपासून फ्लँडर्सपर्यंत सगळा मार्च महिना एकमेकांना घासून काढत होते.

शर्यतीत तो सुरुवातीच्या १६ जणांच्या पळात, म्हणजे घोळक्यातून निसटून पुढे गेलेल्या गटात, शिरला. असे पळ बहुतेक वेळा संघाचं नाव टीव्हीवर दिसावं म्हणून असतात. मागून मोठी मंडळी येतात आणि गिळून टाकतात. त्या दिवशी मागे एका पडापडीने मुख्य घोळका फुटला. फाबियान कान्चेलारा आणि पीटर सागान हे मोठे दावेदार मागच्या तुकड्यात अडकले. टॉम बूनेन पुढच्या तुकड्यात होता, आणि त्याच्या संघाने, विशेषतः टोनी मार्टिनने, असा रेटा लावला की ती दरी भरलीच नाही. पुढे कान्चेलारा घसरून पडला आणि त्याच्या आडव्या सायकलीवरून सागानने कशीबशी आपली सायकल काढली. ती चित्रफीत अजून फिरत असते.

शेवटी पाच जण उरले: बूनेन, इयन स्टॅनर्ड, सेप व्हानमार्के, एडवाल्ड बोआसन हागेन आणि हेमन. कार्फूर द लार्ब्र या शेवटच्या अवघड तुकड्यावर व्हानमार्केने जोर केला तेव्हा हेमन मागे पडला. बघणाऱ्यांनी त्याला मनातून वजा केलं. घाबरून पाठलाग न करता तो आपल्या लयीत परत आला. बूनेन चार वेळचा विजेता, पाचवा विजय झाला असता तर विक्रम. व्हेलोड्रोमवर दीड फेरी मारायची असते. हेमनने स्प्रिंट आधी सुरू केला आणि बूनेनला त्याला गाठता आलं नाही. बूनेन दुसरा, स्टॅनर्ड तिसरा. वेळ ५ तास ५१ मिनिटं ५३ सेकंद, म्हणजे ताशी ४४ ला जरासा कमी वेग. जिंकल्यावर सर्वांत जास्त चकित झालेला माणूस तो स्वतः होता, हे त्याच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

श्रेय कुणाचं

दुसऱ्या दिवसापासून ‘घरात सराव करून रूबे जिंकली’ अशी गोष्ट जगभर गेली. विकणाऱ्यांना ती आवडणारच. मला ती अर्धी वाटते.

ट्रेनरने त्याला सुरुवातीच्या रेषेवर चालू स्थितीत आणलं, हे निर्विवाद. त्याशिवाय तो त्या दिवशी टीव्हीसमोर बसला असता. पण दगडांवर चाक कसं सोडायचं, १६ जणांच्या पळात कधी शिरायचं, मागे पडल्यावर किती धीर धरायचा, व्हेलोड्रोमच्या वळणावर कुठून निघायचं, हे त्याने १४ रूबेंमध्ये कमावलेलं होतं. ते सहा आठवड्यांत उतरत नाही. तोल आणि हाताळणी हे अंगात मुरलेलं कसब असतं. ते प्लाझ्मासारखं आठवड्यात आटत नाही. जे झपाट्याने घसरतं ते ट्रेनरने सांभाळलं, आणि जे ट्रेनरला देता येत नाही ते त्याच्याकडे आधीपासून साठलेलं होतं. हे प्रकरण जुळलं ते इथे. कोपर मोडलेला हेमन २२ वर्षांचा असता, तर हेच गॅरेज, हेच ॲप आणि हेच वॉट घेऊन तो रूबेच्या वाटेवरच्या आरेनबर्गच्या जंगलात कुठे तरी गटारात सापडला असता असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट ताजेपणाची. प्रतिस्पर्ध्यांच्या पायांत महिन्याभराच्या शर्यती होत्या, त्याच्या पायांत नव्हत्या. शिवाय त्याच्यावर कुणाचीही अपेक्षा नव्हती. ओमलूपला पडला नसता तर तो त्या पळात तसाच मोकळा सुटला असता का, हे सांगणं कठीण. २०१७ मध्ये तो गतविजेता म्हणून पुन्हा उतरला आणि अकरावा आला. रूबेत पंक्चर आणि पडापडीचा वाटा इतका असतो की एका वर्षाच्या निकालावरून फार ताणू नये, पण आकडा नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

आणि एक जण जिंकला म्हणून आपल्याला माहीत आहे. हात मोडून ट्रेनरवर बसलेले आणि पुढे चाळिसावे आलेले किती, त्यांच्यावर कोण लिहितं?

उलटं उदाहरण

याच्या दुसऱ्या टोकाला जे व्हाइन. हाही ऑस्ट्रेलियन. ऑस्ट्रेलियातल्या शर्यती तो धावत होता, पण युरोपच्या मोठ्या संघाचं दार त्याला उघडलं ते २०२० मध्ये झ्विफ्टची निवड स्पर्धा जिंकल्यामुळे. पायांत ताकद किती, हे घरातल्या आकड्यांनी अचूक सांगितलं होतं. २०२२ च्या व्हुएल्तात, म्हणजे स्पेनच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, त्याने डोंगरावर संपणारे दोन टप्पे जिंकले, सहावा आणि आठवा. डोंगरांच्या राजाची, म्हणजे चढांवर सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याची, ठिपक्यांची जर्सी अंगावर असताना अठराव्या टप्प्यात तो पडला आणि बाहेर गेला. २०२४ च्या एप्रिलमध्ये बास्क प्रांतातल्या शर्यतीत उतारावर जो मोठा अपघात झाला, त्यात त्याचे मणके मोडले. त्याच वळणावर विंगेगोर, रॉगलिच, एव्हनपूल हे अव्वल स्वारही पडले, तेव्हा तो अपघात घरच्या सरावाच्या खात्यात टाकणं अन्यायाचं होईल. त्याच वर्षी तो परतला आणि व्हुएल्तातली डोंगरांची जर्सी जिंकलाच.

पडद्यावरची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा ९ डिसेंबर २०२० ला झाली आणि पुरुषांत ती जिंकली जेसन ऑस्बोर्न या जर्मनाने. तो मुळात वल्हवणारा, पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये रोइंगचं रौप्यही मिळवलं. दुसऱ्या खेळातला माणूस घरातल्या सायकलवर जगज्जेता होऊ शकतो, कारण तिथे दमसास आणि पायांचा जोर एवढंच मोजलं जातं. व्हेलोड्रोमवर बूनेनच्या पुढे राहायला मात्र बाकीचंही लागतं.

सह्याद्रीच्या पावसात

आपल्याकडे हाड न मोडताही हेमनची परिस्थिती दर वर्षी येते. जून ते सप्टेंबर घाटात धुकं, खड्ड्यात पाणी, खड्डा किती खोल ते पाय टाकल्याशिवाय कळत नाही. आणि पुणे ते गोवा अशी सव्वासहाशे किलोमीटरांच्या वरची डेक्कन क्लिफहँगर ही सायकल शर्यत साधारण नोव्हेंबरात. म्हणजे मुख्य तयारीचे महिने नेमके पावसाचे. त्या काळात ट्रेनर लावणारे वाढले आहेत, आणि ते योग्यच आहे. फ्लॅटमध्ये रबराची जाड चटई खाली टाका, नाही तर ट्रेनरच्या जड चाकाची, फ्लायव्हीलची, घरघर खालच्या मजल्यावरच्या काकांना पहाटे साडेपाचला उठवते आणि मग सोसायटीच्या सभेत तुमचा विषय निघतो.

जे पहिल्यांदाच लांब पल्ल्याला उतरणार आहेत, त्यांनी स्वतःला हेमन समजू नये. तोल, रात्रीची नजर, उतारावर ब्रेक कुठे सोडायचा, मागून येणाऱ्या ट्रकच्या आवाजावरून तो किती जवळ आला हे ओळखणं, यातलं काहीच ऑक्टोबरच्या दोन रविवारी होत नाही. आणखी एक गोष्ट मानेची. अतिलांब पल्ल्याच्या शर्यतींत मानेचे स्नायू इतके थकतात की डोकं वर धरताच येत नाही. अमेरिका आडवी पार करणाऱ्या रॅम शर्यतीत मायकेल शर्मर या स्वाराला हे झालं, म्हणून त्या त्रासाला त्याचंच नाव पडलं. ट्रेनरवर आपण डोळ्यांसमोर पडदा ठेवतो, हवं तेव्हा हात सोडून ताठ बसतो, टॉवेलने तोंड पुसतो. मान आणि तळहात यांना तिथे कामच नसतं. पाय चारशे किलोमीटरला तयार आणि मान दोनशेला, असा माणूस कोल्हापूरच्या पुढे हनुवटीखाली हात धरून सायकल चालवताना दिसतो.

माझ्या मते पावसाळ्यात आठवड्यातले चढाचे, वॉटचे, घड्याळ लावून करायचे सराव ट्रेनरवर करावेत आणि पाऊस उघडेल त्या रविवारी, रस्ता ओला असला तरी, लांब राईडला बाहेर पडावं. ओल्या रस्त्यावर वेग येत नाही, सरासरी बघून वाईट वाटतं, राईड नोंदवायच्या स्ट्राव्हा ॲपवर टाकायला लाज वाटते. त्या राईडचा हिशेब वॉटमध्ये धरूच नये. वर्षानुवर्षं घाट मारलेल्या, पंक्चर काढण्यापासून रात्रीच्या उतारापर्यंत सगळं अंगवळणी पडलेल्या माणसाने मात्र पूर्ण पावसाळा घरात काढला तरी त्याचं फारसं बिघडत नाही. सप्टेंबरअखेर मान आणि तळहात तेवढे पुन्हा रस्त्याला लावून घ्यावे लागतात, आणि पहिल्या लांब राईडनंतर खांदे दोन दिवस बोलतात.